आम्लाचे बळ आणि धातूचा टिकाव

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ मागे टाकून दक्षिणेकडे निघाले की थोड्याच वेळात नागोठणे येते. अंबा नदीकाठचे हे गाव पूर्वी खाडीतून चालणाऱ्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. गेली साडेतीन दशके त्याची ओळख पेट्रोरसायन संकुलाशी जोडली गेली आहे. रोह्याजवळचे धाटाव, पुढे महाड आणि त्याहीपुढे लोटे-परशुराम या औद्योगिक वसाहतींकडे जाणारे रसायनांचे टँकर याच रस्त्याने धावतात. त्यांत आम्लांचे टँकरही असतात. ते जरा निरखून पाहिले, तर शाळेत रसायनशास्त्र शिकलेल्या कोणालाही बुचकळ्यात टाकणारी एक गोष्ट लक्षात येते. अठ्ठ्याण्णव टक्के सल्फ्युरिक आम्ल, म्हणजे आपले जुने गंधकाम्ल, वाहून नेणारी टाकी साध्या पोलादाची असते. त्या मानाने कितीतरी विरल, तीस-बत्तीस टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र पोलादाला आतून रबराचे अस्तर लावून किंवा काचतंतूने बळकट केलेल्या प्लॅस्टिकच्या टाकीतून न्यावे लागते. संहत नायट्रिक आम्लाला ॲल्युमिनियमची टाकी चालते.

ही तिन्ही आम्ले पाठ्यपुस्तकात ‘तीव्र आम्ले’ म्हणूनच दिलेली असतात. आम्ल धातूला खाते, तीव्र आम्ल अधिक वेगाने खाते, हे आपण सातवी-आठवीपासून ऐकत आलो आहोत. मग जवळजवळ शुद्ध सल्फ्युरिक आम्ल साध्या पोलादात वर्षानुवर्षे कसे काय राहते? हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. टँकर उलटला, टाकी धुवायची झाली किंवा तिला ठिगळ लावायचे झाले, की या प्रश्नाच्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

तीव्र आणि संहत

घोटाळ्याचे मूळ शब्दांत आहे. बोलताना आपण ‘जहाल ॲसिड’ असे सरसकट म्हणतो आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. आम्लात पाणी किती आणि आम्ल किती, हा झाला प्रमाणाचा प्रश्न; त्यासाठी ‘संहत’ आणि ‘विरल’ हे शब्द आहेत. पाण्यात गेल्यावर आम्लाचे किती रेणू फुटून हायड्रोजन आयन मोकळे करतात, हा स्वभावाचा प्रश्न. त्यासाठी ‘तीव्र’ आणि ‘सौम्य’. पाणी ओतून संहत आम्ल विरल करता येते, पण तीव्र आम्ल सौम्य करता येत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब बादलीभर पाण्यात टाकला तरी ते तीव्रच राहते, कारण त्या थेंबातील जवळपास प्रत्येक रेणू आपला हायड्रोजन आयन सोडून मोकळा झालेला असतो. व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्लाचे तसे नाही. लिटरला दशांश मोल इतके ते पाण्यात असेल, तर शंभरातील जेमतेम एक-सव्वा रेणू फुटलेला सापडतो. बाकीचे अखंडच असतात.

आकड्यांत सांगायचे तर या प्रमाणाच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू १, तर ॲसिटिक आम्लाचा सुमारे २.९. सामूचे कोष्टक दहाच्या पटीत चालते, त्यामुळे हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. पहिल्यात मोकळे हायड्रोजन आयन दुसऱ्याच्या सुमारे ७५ पट आहेत. धातूचा अणू आपले इलेक्ट्रॉन हायड्रोजन आयनांना देतो, स्वतः विरघळतो आणि आयनांचा हायड्रोजन वायू होऊन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. त्यामुळे मॅग्नेशियमची सारखी फीत दोन्ही आम्लांत टाकली, तर एकीकडे फेस उसळतो आणि दुसरीकडे बुडबुडे एकामागून एक शांतपणे वर येतात. वेगातला फरक मात्र नेमका ७५ पट भरत नाही. अखंड रेणूही धातूच्या पृष्ठभागाजवळ येऊन आपला वाटा उचलतात, बुडबुडे पृष्ठभागाला चिकटून बसतात, द्रावण तापते. प्रयोगशाळेत गणितासारखे नेटके उत्तर मिळेल अशी अपेक्षा कोणी धरू नये.

या प्रयोगाचा खरा रंजक भाग शेवटी असतो, आणि शाळेच्या तासिकेत तिथवर जायला सहसा वेळ उरत नाही. फितीचे वजन दशांश ग्रॅम असेल आणि आम्ल गरजेपेक्षा जास्त असेल, तर दोन्ही नळ्यांतून अखेरीस सारखाच, सुमारे १०० मिलिलिटर हायड्रोजन मिळतो. एका नळीत तो झरझर मिळतो, दुसरीत रेंगाळत. उलट मॅग्नेशियम भरपूर आणि आम्ल मोजके घेतले तरी दोन्हींचा हिशेब अखेर सारखाच लागतो. कारण मोकळे आयन खर्च होताच ॲसिटिक आम्लाचे अखंड रेणू फुटून त्यांची जागा घेतात. तीव्र आम्लाची सारी शिल्लक हातात रोख असते. सौम्य आम्लाची कोठारात असते आणि मागणीनुसार थोडी थोडी बाहेर येते.

आता तुलनेची अट बदलून पाहू. प्रमाण सारखे न ठेवता सामू सारखा ठेवला, समजा ३, तर? हायड्रोक्लोरिक आम्ल लिटरला एक सहस्रांश मोल इतकेच लागेल. ॲसिटिक आम्ल मात्र त्याच्या सुमारे ५७ पट लागेल. मोकळे आयन दोन्हीकडे तितकेच, पण दुसऱ्याचे कोठार भरलेले. अशा वेळी लोखंडाचा तुकडा दोन्हींत ठेवला, तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा जोर पाहता पाहता ओसरतो आणि सौम्य म्हणवणारे आम्ल काम करीतच राहते. म्हणजे ‘तीव्र आम्ल जास्त वेगाने खाते’ हे विधान सारख्या प्रमाणाला खरे आहे. सारख्या सामूला ते उलटू शकते. नागोठण्याच्या संदर्भात ही गोष्ट पुढे कामी येणार आहे.

हा उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसने १८८४ साली आपल्या प्रबंधात द्रावणांच्या विद्युतवाहकतेचा अभ्यास मांडला आणि १८८७ मध्ये आयनीभवनाचा सिद्धान्त स्पष्ट शब्दांत पुढे ठेवला. त्याच काळात विल्हेल्म ओस्टवाल्ड निरनिराळी आम्ले उसाच्या साखरेचे विघटन किती वेगाने घडवतात हे मोजत होता. जे आम्ल वीज अधिक चांगली वाहते तेच साखरेलाही अधिक वेगाने फोडते, असा मेळ त्याला आढळला. वीज आणि वेग या दोन्हींमागे हायड्रोजन आयनांची संख्या आहे, हे त्यातून उमगले. पुढे दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले, अऱ्हेनियसला १९०३ मध्ये आणि ओस्टवाल्डला १९०९ मध्ये.

पाण्याचा वाटा

आता टँकरकडे वळू. अठ्ठ्याण्णव टक्के सल्फ्युरिक आम्लात वजनाने दोनच टक्के पाणी असते. रेणूंच्या भाषेत हा हिशेब अधिक बोलका आहे. पाण्याच्या एका रेणूमागे आम्लाचे सुमारे नऊ रेणू. आम्लाच्या रेणूने सोडलेला हायड्रोजन आयन झेलायला पाण्याचा रेणू हवा. तोच इतका दुर्मीळ असेल, तर आम्लाचे बळ पाण्यातल्यासारखे प्रकट होत नाही. शुद्ध ॲसिटिक आम्लात हा प्रकार अधिक ठळकपणे दिसतो. त्यात मॅग्नेशियम जवळजवळ स्वस्थ पडून राहते आणि पाणी घालताच बुडबुडे वाढतात. पाणी घालून आम्ल ‘पातळ’ केले की ते नेहमी मवाळ होते, हा समज इथे कोलमडतो.

पोलाद तगते याचे दुसरे, व्यवहारात अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे पापुद्रा. सुरुवातीला आम्ल पोलादाला थोडेसे खाते आणि लोहाचे सल्फेट तयार होते. हे लवण पाण्यात सहज विरघळते, पण संहत सल्फ्युरिक आम्लात फारसे विरघळत नाही. त्यामुळे ते तिथेच पृष्ठभागावर बसते आणि आतल्या पोलादाची ढाल बनते. झीज चालू असते, पण वर्षाकाठी मिलिमीटरच्या काही दशांश भागांइतकी. ती गृहीत धरूनच टाकीच्या पत्र्याची जाडी ठरवलेली असते. ही ढाल नाजूक आहे. आम्ल नळातून वेगाने वाहू लागले तर ती धुऊन निघते, म्हणून पोलादी नळातील प्रवाह सेकंदाला साधारण एक मीटरच्या आत ठेवण्याची पद्धत आहे. उष्णतेने ती सैल होते. आडव्या नळाच्या किंवा टाकीच्या आडव्या तोंडाच्या वरच्या भागाला हायड्रोजनचे बुडबुडे एकाच वाटेने सरकत राहिले, तर त्या वाटेवरचा पापुद्रा खरवडला जाऊन पोलादात चर पडतात.

आणि पाणी मिसळले तर ढाल विरघळतेच. सत्तर टक्क्यांच्या खाली आले की सल्फ्युरिक आम्ल साध्या पोलादाला झपाट्याने खाऊ लागते. जे आम्ल अठ्ठ्याण्णव टक्के असताना टाकीत शांत होते, तेच तीस-चाळीस टक्क्यांवर आल्यावर ती टाकी निकामी करते. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीतही या दोन अवस्थांना वेगळे क्रमांक आहेत. एक्कावन्न टक्क्यांहून अधिक असेल तर १८३०, त्यापेक्षा जास्त नसेल तर २७९६. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार धोकादायक रसायनांच्या वाहनांवर माहितीचा फलक लावणे बंधनकारक आहे. त्यावरचा चार आकडी क्रमांक तो हाच. हायड्रोक्लोरिक आम्लाचा क्रमांक १७८९. अपघाताची खबर देणाऱ्याने टँकरजवळ न जाता दुरूनच हा क्रमांक वाचून सांगितला, तरी अग्निशमन दलाचे निम्मे काम होते.

हायड्रोक्लोरिक आम्लाजवळ अशी ढाल नाही. लोहाचे क्लोराइड त्यात मुबलक विरघळते, त्यामुळे पृष्ठभागावर काही साठतच नाही. नवे पोलाद सतत उघडे पडते आणि आम्ल ते खात राहते. प्रमाण कमी असो वा जास्त, साध्या पोलादाला इथे तरणोपाय नाही. म्हणून रबराचे अस्तर. एखाद्या ठिकाणी ते अस्तर टाचणीएवढे जरी फाटले, तरी तेवढ्या जागेतून टाकी आरपार पोखरली जाऊ शकते.

नायट्रिक आम्लाची तऱ्हा आणखी निराळी. त्यातील नायट्रेट आयन स्वतःच ऑक्सिडीकारक असतो. तांब्यासारखा धातू हायड्रोजन आयनांना दाद देत नाही, पण नायट्रिक आम्लात विरघळतो आणि नळीतून हायड्रोजनऐवजी नायट्रोजन डायऑक्साइडचा विषारी तपकिरी धूर येतो. लोखंडाबाबत मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडते. विरल नायट्रिक आम्ल लोखंडाला सपाट्याने विरघळवते, तर संहत आम्लात लोखंड जणू काही झालेच नाही अशा थाटात पडून राहते. इंग्लंडच्या जेम्स कियरने १७९० मध्ये ही नोंद केली. १८३६ मध्ये शोनबाइन आणि मायकेल फॅरडे यांच्यात या विषयावर पत्रव्यवहार झाला. संहत आम्लातून काढलेले लोखंड विरल आम्लात बुडवले तरी ते काही काळ शांत राहते. मात्र त्यावर एक ओरखडा काढला की अभिक्रिया उसळून येते. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिपातळ थर बसलेला असावा, हा फॅरडेचा तर्क पुढे खरा ठरला. या अवस्थेला निष्क्रियता म्हणतात. ॲल्युमिनियमची टाकी याच बळावर संहत नायट्रिक आम्ल सांभाळते आणि आपल्या स्वयंपाकघरातले स्टेनलेस स्टीलही, क्रोमियमच्या ऑक्साइडच्या अशाच थरामुळे, गंजत नाही.

संहत सल्फ्युरिक आम्ल पोलादात सुखरूप राहते, या ज्ञानाची काळी बाजू टाकी रिकामी झाल्यावर दिसते. तळाशी आणि भिंतींवर आम्लाचा ओलावा उरलेला असतो. सल्फ्युरिक आम्ल हवेतील बाष्प हावरेपणाने शोषून घेते. कोकणच्या पावसाळी हवेत झाकण उघडे राहिले, तर भिंतीवरचे आम्ल आपोआप विरल होत जाते आणि पोलाद खाऊ लागते. कोणी बादलीभर पाणी ओतून टाकी ‘धुतली’, तर हेच काही मिनिटांत होते, वर उष्णताही निर्माण होते. निघालेला हायड्रोजन डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत काहीही असले तरी तो ठिणगीने पेटू शकतो. रिकामी म्हणून डागडुजीला नेलेल्या टाकीवर वेल्डिंगची ज्योत लावणे हे म्हणूनच जिवावरचे काम आहे. आतील वायूची तपासणी केल्याशिवाय अशा टाकीला वेल्डरने हात लावू नये, हा नियम गॅरेजमध्ये पाळला जातोच असे नाही.

मोठ्या कारखान्यांतही चूक होते. १७ जुलै २००१ रोजी अमेरिकेतील डेलावेअर सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात वापरलेल्या सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीचा स्फोट होऊन एक कामगार मृत्युमुखी पडला. टाकी क्षरणाने भोके पडण्याइतकी झिजली होती. भोकांतून बाहेर येणाऱ्या ज्वालाग्राही बाष्पाला जवळच चाललेल्या दुरुस्तीच्या कामातील ठिणगी लागली. तिथे पेटली ती आम्लात मिसळलेल्या हायड्रोकार्बनची वाफ, पण तिला वाट करून दिली ती आम्लाने खाल्लेल्या पत्र्याने.

रस्त्यावर आम्लाचा टँकर उलटला, तर बघ्यांनी वाऱ्याच्या दिशेकडील बाजूला थांबू नये आणि घरचे पाणी आणून टाकीवर वा सांडलेल्या आम्लावर ओतण्याचा उत्साह दाखवू नये. अंगावर आम्ल उडाले असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे पाणीच हवे, आणि तेही वाहते, भरपूर, बराच वेळ. थोडे पाणी आम्लाला तापवते, पुष्कळ पाणी त्याला वाहून नेते.

धातूच्या बाजूने

वेगाचा सारा दोष आम्लाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. फितीऐवजी भुकटी घेतली की पृष्ठभाग वाढतो आणि वेगही. तापमान वाढले की वेग वाढतो. शिवाय धातूच्या शुद्धतेचाही मोठा वाटा आहे. ऑगस्त द ला रीव्ह या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने १८३० मध्ये दाखवून दिले, की अगदी शुद्ध जस्त सल्फ्युरिक आम्लात फार मंद विरघळते, तर भेसळीचे जस्त जोरात. जस्तातील परक्या धातूंच्या कणांवर हायड्रोजन सहज तयार होतो, जस्तावर तो तितक्या सहजी होत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत अभिक्रिया रेंगाळली की मोरचुदाच्या द्रावणाचे दोन थेंब टाकण्याची जुन्या शिक्षकांची युक्ती यावरच आधारलेली आहे. जस्तावर तांब्याचे बारीक कण बसतात आणि बुडबुड्यांची झुंबड उडते. आम्ल तेच, त्याचे बळ तेच. बदलला तो धातूचा पृष्ठभाग.

ॲल्युमिनियम हायड्रोक्लोरिक आम्लात टाकल्यावर पहिली काही मिनिटे काहीच होत नाही आणि विद्यार्थी निराश होतात. आधी वरचा ऑक्साइडचा थर विरघळावा लागतो. तो गेला की द्रावण तापते, तापल्यामुळे वेग वाढतो, वेगामुळे आणखी तापते आणि फेस नळीबाहेर येतो. या सुरुवातीच्या शांततेला भुलून अधिक आम्ल ओतणारा हमखास हात पोळून घेतो.

कळकलेले ताक

सौम्य आम्ल आणि धातू यांच्या संथ व्यवहाराचे ज्ञान मराठी घरांना फार जुने आहे. त्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र क्रियापदच आहे: कळकणे. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंचेचे सार किंवा आमसुलाची कढी राहिली, तर ती कळकते. चव विचित्र होते, कधी हिरवट छटा येते, आणि पोटात गेल्यास मळमळ, उलट्या होतात. वास्तविक तांबे आम्लातून हायड्रोजन बाहेर काढू शकत नाही. सक्रियतेच्या श्रेणीत ते हायड्रोजनच्या खाली आहे. पण हवेतील ऑक्सिजनची जोड मिळाली, की ताकातील दुग्धाम्ल किंवा चिंचेतील टार्टारिक आम्ल यांसारखी सौम्य आम्लेही तांबे हळूहळू विरघळवतात. वेग इतका मंद, की तासाभरात काही जाणवत नाही, रात्रभरात जाणवते. म्हणून ‘रात्री आंबट पितळेत ठेवू नये’ हा आजीचा दंडक वेगाच्याच शास्त्राला धरून आहे.

त्यावरचा तोडगा म्हणजे कल्हई. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर निघतो आणि कथिलाचा चकचकीत थर आत फिरतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर ते अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड यांत विभागले जाते आणि यातील दुसरा वायू तांब्यावरचा ऑक्साइडचा मळ खाऊन पृष्ठभाग स्वच्छ करतो. सौम्य आम्लांपासून रक्षण करण्यासाठी तीव्र आम्लाच्या वायूचे क्षणभर साहाय्य घेण्याची ही हातोटी कौतुकास्पदच म्हटली पाहिजे. गंमत अशी, की कथिल सक्रियतेत तांब्याच्या वर आहे, म्हणजे नियमाने ते आम्लात आधी विरघळायला हवे. पण कथिलाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन वायू फार कष्टाने तयार होतो, म्हणून ते तगते. कायमचे मात्र तगत नाही. कल्हई झिजते आणि पुन्हा करावी लागते.

चिंचेने पितळ लखलखते तेही वेगाच्या फरकामुळेच. ऑक्साइडचा थर सौम्य आम्लात लवकर विरघळतो, त्याखालचा धातू जवळजवळ नाही. घासून लगेच धुतल्यास मळ जातो आणि भांडे राहते.

आधुनिक घरातली चूक निराळ्या ठिकाणी होते. फरशी आणि शौचकूप साफ करण्यासाठी मिळणाऱ्या आम्लात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्याचे शिंतोडे किंवा नुसती वाफही स्टेनलेस स्टीलच्या नळांवर, सिंकवर राहिली तर त्यांवर बारीक खड्डे पडतात, कारण क्लोराइड आयन क्रोमियमच्या ऑक्साइडचा थर ठिकठिकाणी भेदतो. तेवढ्याच जागी लिंबाचा रस सांडला तर असे घडत नाही. लिंबाचे आम्ल सौम्य आणि क्लोराइडविरहित. असे आम्ल ब्लीचिंग पावडरीबरोबर वापरले, तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. हा मुद्दा धातूंचा नसला तरी इथे टाळणे योग्य होणार नाही.

उरणहून नागोठण्याकडे

सारख्या सामूला सौम्य आम्ल तीव्र आम्लावर मात करू शकते, हे वर आले आहे. त्याचे सर्वांत महागडे उदाहरण नैसर्गिक वायूच्या उद्योगात सापडते, आणि नागोठण्याचा संबंध त्या उद्योगाशी आहे. मुंबई हाय क्षेत्रात १९७४ मध्ये तेल सापडले. तिथला वायू समुद्राखालील नळांतून उरणला येतो. त्यातून वेगळा केलेला इथेन-प्रोपेन हा कच्चा माल धरून इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनने नागोठण्यात महाराष्ट्र गॅस क्रॅकर संकुल उभारले. नोव्हेंबर १९९० मध्ये वायुगळतीनंतर तिथे झालेल्या स्फोटात अनेकांचे प्राण गेले. त्या आठवणी परिसरात आजही आहेत. २००२ मध्ये कंपनीची सूत्रे सरकारकडून रिलायन्सकडे गेली आणि २००७ मध्ये ती त्या उद्योगसमूहात विलीन झाली.

भूगर्भातून येणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ असते. दोन्ही वेगवेगळे असतील तर पोलादाला त्यांचे फारसे भय नाही. कोरडा कार्बन डायऑक्साइड निरुपद्रवी. पण नळात कुठे थंडावा मिळून पाणी सुटले, की कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून कार्बॉनिक आम्ल तयार होते. आम्लांच्या यादीत हे अगदीच दुबळे. साध्या सोडावॉटरचा सामू चारच्या आसपास असतो आणि ते आपण आनंदाने पितो. तरीही १९७५ मध्ये द वार्ड आणि मिलियम्स या संशोधकांनी दाखवले, की सारख्या सामूला कार्बॉनिक आम्ल पोलादाला पूर्ण फुटलेल्या तीव्र आम्लापेक्षा अधिक वेगाने झिजवते. कारण तेच, भरलेले कोठार. मोकळे आयन संपताच अखंड रेणू पुढे येतात, ते संपले की पाण्यातील विरघळलेला कार्बन डायऑक्साइड नवे आम्ल घडवतो, आणि नळातला वायू तर सतत येतच असतो. दाब जितका अधिक, तितका पुरवठा मोठा.

म्हणून उपाय आम्लावर न करता पाण्यावर केला जातो. समुद्रातील फलाटांवरच वायू ग्लायकॉलमधून नेऊन त्यातले पाणी काढतात. क्रॅकर प्रकारच्या कारखान्यांत पुढे भट्टीतून निघालेला वायू दाहक सोड्याच्या द्रावणाने धुतात, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड निघून जातात. नंतर तो पुन्हा कोरडा करतात, कारण पुढच्या अतिशीत विभागात बर्फाने नळ तुंबण्याचीही भीती असते. भट्टीत वाफ मिसळलेली असल्याने निवल्यावर जे पाणी हाती लागते त्यात ॲसिटिक, फॉर्मिक अशी सौम्य आम्ले थोड्या प्रमाणात असतात. तेच पाणी पुन्हा वाफेसाठी वापरायचे असते, त्यामुळे त्याचा सामू सतत तपासून त्यात आम्लारी सोडावी लागते.

एवढे करूनही झीज किती होते हे पाहण्याची रीत अगदी साधी आहे. नळाच्याच जातीच्या पोलादाची एक पट्टी घासून, तोलून, वजन टिपून नळात वायूच्या वाटेत बसवतात. काही महिन्यांनी ती बाहेर काढतात, गंज काढून पुन्हा तोलतात. वजनात आलेली तूट, पट्टीचे क्षेत्रफळ आणि गेलेले दिवस यांवरून वर्षाला किती मिलिमीटर पोलाद गेले ते कळते, आणि त्या आकड्यावरून नळाचा तो भाग अजून किती वर्षे चालवायचा हे ठरते.